कृत्रिम आमिषांच्या जोडणीतील चिकटद्रव्ये

गळाने मासे पकडण्यासाठी घरी तयार केलेल्या कृत्रिम आमिषाचे (लूरचे) भाग जोडण्यास जे पदार्थ वापरतात, त्यांना आमिष-जोडणीची चिकटद्रव्ये म्हणतात. त्यांची निवड कोरड्या अवस्थेतील मजबुतीवर नव्हे, तर पाण्यातील टिकाऊपणा, तापमान आणि जोडावयाचे साहित्य यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातील बोदवडच्या उत्तरेस, मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ पूर्णा नदी तापीला मिळते. संगमाच्या खालील बाजूस तापीवर हतनूर धरण आहे. अशा गोड्या पाण्यातील मरळीसारख्या शिकारी माशांसाठी लहान मासा किंवा बेडकाच्या आकाराचे आमिष उपयोगी पडते. आमिषाचे धड हलके लाकूड, बूच, थर्माकोल किंवा मऊ प्लॅस्टिकचे असते. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी परिचित असलेले पांगाऱ्याचे लाकूडही हलके व कोरण्यास सोपे असते.

प्रकार

* डिंक : बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे या कामी निरुपयोगी ठरतो.
* पांढरा गोंद : सुतारकामातील हा गोंद लाकडात मुरून चांगला जोड देतो, मात्र साधा प्रकार पाण्यात मऊ पडतो. जलरोधक प्रकार वापरला तरी वरून रंग किंवा वार्निशचा थर आवश्यक असतो.
* सायनोॲक्रिलेट : हे झटपट चिकटणारे द्रव्य १९४२ मध्ये अमेरिकेत सापडले व १९५८ मध्ये बाजारात आले. हवेतील व पृष्ठभागावरील आर्द्रतेमुळे ते घट्ट होते. डोळे, पिसे व मऊ प्लॅस्टिकसाठी ते सोयीचे आहे; परंतु जोड ठिसूळ असल्याने आपटल्यावर तडकतो. थर्माकोलला ते खाऊन टाकते.
* इपॉक्सी : राळ आणि कठीणक हे दोन घटक ठरलेल्या प्रमाणात मिसळून तयार होते. लाकूड, धातू व थर्माकोल या तिन्हींसाठी ते उपयुक्त आहे. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश घट्ट होणारा प्रकार सामान्यतः पाण्यात अधिक टिकतो.
* गरम गोंद : बंदुकीतून वितळवून लावण्याचा हा गोंद तात्पुरत्या जोडणीपुरताच योग्य आहे.

हवामानाचा परिणाम

खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उन्हात ठेवलेली लोखंडी पेटी हवेपेक्षा बरीच अधिक तापते. गरम गोंदाचे अनेक प्रकार ६० ते ८० अंशांना मऊ पडू लागतात, म्हणून अशा पेटीत ठेवलेले आमिष सुटू शकते. उष्णतेने इपॉक्सीची रासायनिक क्रियाही वेगाने होते. स्थूलमानाने तापमान १० अंशांनी वाढल्यास ती दुप्पट वेगाने होते. त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रण थोडे थोडे करणे व सावलीत काम करणे सोयीचे ठरते. उलट सायनोॲक्रिलेट कोरड्या हवेत हळू, तर पावसाळ्यात लवकर घट्ट होते.

पृष्ठभागाची तयारी

जोड सुटण्याचे नेहमीचे कारण गोंद नसून तेलकट किंवा गुळगुळीत पृष्ठभाग हे असते. भाग पॉलिश पेपरने खरवडून, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवावे लागतात. बाटल्यांची झाकणे बहुधा पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलीनची असतात. त्यांना सर्वसाधारण गोंद नीट चिकटत नाहीत; तेथे खाच किंवा स्क्रू वापरावा.

भार आणि सुरक्षितता

गळाची कडी केवळ गोंदावर अवलंबून ठेवणे धोक्याचे असते. जोड सुटल्यास मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. गमावलेल्या आमिषात पक्षीही अडकू शकतात. म्हणून धडातून आरपार एकच तार घालून तिच्या कड्यांना दोरी व गळ जोडतात. गोंदाने तार जागेवर राहते, ओढ मात्र तार सोसते.

तयार आमिष एक रात्र पाण्यात बुडवून ठेवावे व नंतर कडीला पाण्याची बादली टांगून तपासावे. पाच लिटर पाण्याचे वजन सुमारे पाच किलो असते. वापरायच्या दोरीची ताकद जितकी, निदान तितका भार कडीने पेलला पाहिजे.

सायनोॲक्रिलेटच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, तर इपॉक्सीमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे हातमोजे व खेळती हवा आवश्यक आहे. वजनासाठी वापरले जाणारे शिसे विषारी असून पाणपक्ष्यांना घातक ठरते. त्याऐवजी लोखंड किंवा पितळ वापरता येते.