थकवा कोणाचा, यंत्र कोणाचे?

८ मे २०२०. टाळेबंदीला दीड महिना होत आला होता. जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशचे मजूर गावी जायला निघाले. भुसावळहून रेल्वे मिळेल, या आशेवर ते रुळांच्या कडेने रात्रभर चालले. बदनापूर मागे पडले आणि करमाडच्या अलीकडे थकून ते रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडीखाली १६ जण चिरडले गेले. शहडोल-उमरियाचे हे श्रमिक, त्यांतले बरेच गोंड आदिवासी. मागे उरल्या रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला एलॉन मस्क यांच्या कंपनीने दोन माणसांना अंतराळात पाठवले. ऑगस्टमध्ये त्यांच्याच न्यूरालिंकने डुकराच्या मेंदूत बसवलेली चिप जगाला दाखवली. तंत्रज्ञानाने माणसाने स्वतःच्या मर्यादा ओलांडाव्यात, या विचाराला 'ट्रान्सह्युमॅनिझम' म्हणतात.

मित्रांनो, या विचाराचा इतिहास आपण तपासला पाहिजे. १९५७ मध्ये हा शब्द रूढ करणारे ज्युलियन हक्स्ले पुढे ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्ष झाले. युजेनिक्स म्हणजे निवडक वंशवाढीतून 'उत्तम' माणूस घडवण्याचा दावा. हा दावा आपल्याला नवा नाही. रक्तशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'त समाचार घेतला होता. जातीने सुदृढ वंश घडवला नाही, उलट समाज खुरटवला, हे त्यांनी ठणकावून सांगितले.

मग आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक आहोत का? मुळीच नाही. १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचे खंडन केले. माणसाला पशूसारख्या राबण्यातून यंत्रच सोडवू शकते, त्याला फुरसत आणि संस्कृती देऊ शकते, असे त्यांनी मांडले. यंत्राचा लाभ सर्वांना होत नसेल तर यंत्राला दोष देऊ नका, समाजरचना बदला, हा त्यांचा निष्कर्ष होता.

हाच निकष आजही लावा. गटार साफ करणारे यंत्र आहे, २०१३ चा कायदाही आहे, तरी माणूस मॅनहोलमध्ये उतरून मरतो. मृत्यूवर मात करण्याच्या गप्पा मारणाऱ्यांना आमचा सवाल आहे: झोप आणि भूक याही शरीराच्या मर्यादाच होत्या ना? बदनापूरच्या पुढे त्या १६ जणांसाठी रूळ होते, इंजिन होते, डबे होते. त्यांना जागा नाकारली ती तंत्रज्ञानाने नव्हे, व्यवस्थेने.

आधी ती बदला. जय भीम!