'बाहेरून' आणि 'दुरून' यातला फरक

एसटी स्टँडसमोरच्या खांबावर परवा एक फलक लागला. 'घरबसल्या पदवी. हजेरीची अट नाही. पासची खात्री.' खाली मोबाइल नंबर. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला, म्हटलं लोक हसतील. हसलं कुणीच नाही. उलट संध्याकाळपर्यंत सात जणांचे मेसेज आले, नंबर नीट दिसत नाही, परत पाठवा म्हणून.

त्यातल्या एक आमच्या गल्लीतल्या वहिनी. अंगणवाडी सेविका आहेत. लग्नाआधी बारावी झाली, पुढं राहिलं. पर्यवेक्षिकेच्या जागेला पदवी लागते. म्हणाल्या, "भावजी, कॉलेजात बसायचं वय राहिलं का आता? बाहेरून करीन म्हणते." हा 'बाहेरून' शब्द आपल्याकडं फार जुना आहे, आणि सगळा घोळ त्याच शब्दात आहे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण प्रवेशाचे दिवस आहेत, वाचा.

१८४० साली इंग्लंडात देशभर एका पेनीत पत्र जाऊ लागलं. त्याच वर्षी आयझॅक पिटमन नावाच्या शिक्षकानं टपालानं शॉर्टहँड शिकवायला सुरुवात केली. तो धडा पाठवायचा. विद्यार्थ्यानं बायबलातला उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून धाडायचा, पिटमननं चुका दुरुस्त करून परत पाठवायचा. आता यात विशेष काय, असं वाटेल. धडा पाठवणं विशेष नाही, ते पुस्तक विकणाराही करतो. तपासलेला कागद परत येणं, हे विशेष.

पुढं १८५८ साली लंडन विद्यापीठानं वेगळंच दार उघडलं. कुठंही, कसंही शिका, आमच्याकडं फक्त परीक्षेला या. दार मोठं होतं यात शंका नाही, पण त्यात शिकवणं नव्हतं. याच लंडनच्या धर्तीवर १८५७ मध्ये आपली मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं निघाली होती. म्हणजे शिकवणार कॉलेजं, विद्यापीठ परीक्षा घेणार आणि सर्टिफिकेट देणार. आपल्या डोक्यात 'शिक्षण म्हणजे परीक्षा' हे समीकरण बसलं त्याचं एक मूळ इथं आहे, असं माझं मत. दहावी-बारावीचा १७ नंबरचा फॉर्म हा त्याच घराण्यातला. फॉर्म भरा, परीक्षा द्या. मधल्या काळात तुम्ही आणि तुमचं नशीब.

तर ह्या दोन वाटा. एक 'बाहेरून', एक 'दुरून'. बाहेरूनला शिक्षक नसतो. दुरूनला असतो, फक्त लांब असतो.

दुरूनची वाट खऱ्या अर्थानं मोठी झाली ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत. स्थापना १९६९. त्यामागं हट्टानं उभी राहिलेली मंत्री जेनी ली, स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराची मुलगी. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नाही म्हटल्यावर तिथल्या शहाण्यांनी यथेच्छ टिंगल केली. जानेवारी १९७१ मध्ये पहिले वर्ग सुरू झाले आणि त्याच महिन्यात देशभर टपाल खात्याचा संप! टपालावर चालणाऱ्या विद्यापीठाचा याहून वाईट मुहूर्त काय असणार? तरी ते तगलं. लोकांना वाटतं ते बीबीसीमुळं चाललं. कार्यक्रम बीबीसीवर लागायचे हे खरं, पण खरा भार उचलला छापील धड्यांनी, उत्तरं तपासून शेरे लिहिणाऱ्या ट्यूटरनी आणि उन्हाळ्यातल्या आठवड्याभराच्या शिबिरांनी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगांचा संच यायचा, त्यात हातात मावणारा प्लॅस्टिकचा मायक्रोस्कोपसुद्धा. हे स्वस्तातलं कॉलेज नव्हतं. मेहनत जागा बदलून गेली होती एवढंच, वर्गातून धड्याच्या पानात आणि तपासणाऱ्याच्या टेबलावर.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मग १९८२ ला आंध्रात पहिलं मुक्त विद्यापीठ, १९८५ ला दिल्लीत इग्नू, आणि १९८९ मध्ये नाशिकला, गंगापूर धरणाजवळ, आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. (त्याच १९८९ मध्ये नेल्सन मंडेलांना तुरुंगात असताना दक्षिण आफ्रिकेच्या दूरशिक्षण विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळाली. योगायोग आहे, पण मला आवडतो.) नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद तुम्ही वाचलंच असेल. ज्यांची दहावी-बारावी राहिली त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, तो करून थेट पदवीला जाता यायचं. मराठीत, एकट्यानं वाचून कळतील अशी पुस्तकं लिहून घेतली. प्रत्येक घटकाआधी उद्दिष्टं, मधे मधे प्रश्न, मागं उत्तरं. गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं काढली आणि तिथल्या शिकवणाऱ्याला 'समंत्रक' असा नवा शब्द दिला. शब्द जड आहे, पण काम नेमकं सांगतो. शिकवायचं पुस्तकानं, अडल्यावर सल्ला द्यायचा माणसानं.

माझा पत्रकारितेचा डिप्लोमा असाच रविवारचा. ज्यांनी शिकवलं ते जिल्ह्याच्या पेपरातले उपसंपादक होते. माझी पहिली बातमी लाल शाईनं भरून परत आली. समासात लिहिलं होतं, "पहिल्याच वाक्यात अख्खं गाव कोंबलंत, अपघात कुठाय?" वीस वर्षं झाली, बातमी लिहिताना तो समास अजून दिसतो.

आणि आता? तालुक्यातल्या एका केंद्राबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं तयार गृहपाठ मिळतो, वरचं नाव तेवढं आपलं टाकायचं. केंद्राचं नाव घेत नाही, विद्यापीठाचंही नाही. गेल्या महिन्यात मी तिथल्या कपाटातले गठ्ठे पाहिले. प्रत्येकाला गुण दिलेले, लाल शाईचा एक शब्द नाही. म्हणजे पाटी 'दुरून'ची आणि कारभार 'बाहेरून'चा.

याची किंमत कोण मोजतं हेही सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदव्यांचा निकाल दिला. २००१ ते २००५ च्या सत्रांतल्या पदव्या स्थगित, पुन्हा परीक्षा द्या. नंतरच्या सत्रांतल्या थेट रद्द. तोवर लोक नोकरीला लागले होते, काहींना बढत्या मिळाल्या होत्या. परवानगी न घेता अभ्यासक्रम चालवले संस्थांनी, आणि सर्टिफिकेट परत ठेवायची वेळ आली विद्यार्थ्यावर.

तेव्हा फलकवाल्याला फोन करण्याआधी युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर त्या विद्यापीठाचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि चालू सत्राचं नाव आहे का ते बघा. आणि केंद्रावर जाऊन तीन गोष्टी विचारा. पुस्तकं कधी मिळतात? संपर्कसत्रं कोणत्या रविवारी आणि कोण घेतं? गृहपाठ तपासून परत देता का?

वहिनींना मी दोन केंद्रांचे नंबर दिले आणि हेच विचारायला सांगितलं. पहिल्या ठिकाणी फोन उचलणाऱ्यानं गृहपाठ परत देण्याचं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, परत घेऊन तुम्ही त्याचं करणार काय?" दुसऱ्या ठिकाणी फोन कुणी उचलत नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथं जाऊन बघणार आहोत, वर्गात कुणी बसलंय का ते. काय दिसलं ते कळवतो.