शोकाचा सांडवा

‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात तलाव कसा राखावा हे एक नदी सांगते. तमसा तिचं नाव. स्त्रीरूप घेऊन ती सीतेच्या सोबतीला आलेली आहे. शंबूकाच्या प्रसंगाने पुन्हा पंचवटीत आलेला राम सीतेची सखी, वनदेवता वासंती हिच्या बोलांनी घायाळ होऊन विलाप करतो आहे. भागीरथीच्या वरामुळे कुणाला न दिसणारी सीता ते सगळं ऐकते आणि वासंतीवर रागावते. तमसा तिला समजावते की हे योग्यच चाललं आहे, दुःखी माणसाने दुःख बाहेर काढलंच पाहिजे. तुडुंब तलावाला वाचवते ती जादा पाण्याची वाट, परीवाह, म्हणजेच सांडवा. शोकाने ढवळलेल्या हृदयाला वाचवतो तो प्रलाप.

हे लिहिणारा भवभूती आठव्या शतकातला, आणि तो विदर्भाचा. नाटकांच्या प्रस्तावनांत तो आपलं मूळ गाव पद्मपूर असल्याचं सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते ते आमगावजवळचं पदमपूर. दुर्ग जिल्ह्यात सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटात पद्मपूर हे राजशासन सुटण्याचं ठिकाण म्हणून येतं. त्या उल्लेखाचाही मिराशींनी आधार घेतला. मिराशींच्या वेळी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आज आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे.

तमसेच्या तोंडच्या या रूपकाचं मूळ मात्र भवभूतीहून जुनं आहे. परीवाह हा शब्द काव्यात येण्याच्या कितीतरी आधी बांधकामात होता. गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदामनाचा शिलालेख आहे, इ.स. १५० च्या सुमाराचा. सुदर्शन तलावाची हकिगत त्यात कोरलेली आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने तो बांधवला, अशोकाच्या काळात तुषास्फाने त्याला पाट काढून दिले. या तलावाच्या रचनेचं वर्णन करताना प्रणाली, म्हणजे पाट, आणि परीवाह हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. पुढे भयंकर वादळी पावसात बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तेवढंच रुंद आणि ७५ हात खोल पडलं. अमात्यांनी दुरुस्तीला नकार दिला. बांध पुन्हा उभा राहील ही आशा संपली तेव्हा प्रजेत हाहाकार उडाला, असं लेख सांगतो. अखेर सुविशाख या अधिकाऱ्याने तो बांधून काढला. फुटलेला बांध आणि रडणारी माणसं ही जोडी इथे कुठल्याही अलंकाराशिवाय, घडलेल्या गोष्टीसारखी नोंदलेली आहे. मला ही या रूपकाच्या कुळकथेतली सगळ्यात मोलाची नोंद वाटते. आधी तलाव खरोखर फुटले आणि माणसं खरोखर रडली. कवीच्या हाती ते साम्य फार नंतर आलं.

विदर्भातही तलाव बांधण्याची परंपरा भवभूतीच्या आधीची आहे. वाशिम जिल्ह्यातल्या हिस्से बोराळा इथला वाकाटक देवसेनाच्या काळातला लेख शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८ च्या सुमाराचा. स्वामिल्लदेवाने बांधवलेल्या तलावाचा त्यात उल्लेख आहे, आणि त्या तलावाचं नावही सुदर्शनच. गोंदिया-भंडाऱ्याचे आजचे तलाव त्यामानाने अलीकडचे. कोहळी समाजाने ते बांधले, मालगुजारांकडे राहिले, मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. म्हणून ते माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडी मामा तलाव. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. लहान असेल तर बोडी. रोवणीला पाणी द्यायचं आणि पावसाने दडी मारली तर बांधीतला धान वाचवायचा, यासाठी हा सगळा खटाटोप.

तमसेचा युक्तिवाद समजायला यातला सांडवा नीट पाहावा लागतो. पाळ मातीची असते. भरलेल्या तलावाचं पाणी तिला दाबतं, पण चांगली रुंद पाळ तो दाब सोसते. तिचा घात होतो तो पाणी तिच्या माथ्यावरून गेलं की. वरून गेलेलं पाणी पाठीमागच्या उताराची माती खरवडत नेतं, घळ पडते, ती घळ मागे सरकत तलावाच्या पाण्याला भिडते आणि बघता बघता पाळ जाते. म्हणून पाळीच्या टोकाला, जिथे ती टेकडीला किंवा कठीण मुरमाला टेकते, तिथे माथ्यापेक्षा खाली एक जागा मोकळी ठेवतात. पाणी त्या पातळीला आलं की आपोआप वाहू लागतं. पाटाचं पाणी माणूस सोडतो आणि बंद करतो. सांडव्याला उघडायला कुणी लागत नाही. आणि सांडवा तलाव रिकामा करत नाही. त्याच्या उंबऱ्यापर्यंतचं पाणी आतच राहतं.

आता रूपकाकडे. काव्यातली रूपकं ही भाषेची सजावट आहे, या समजाला १९८० साली जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी मोठा धक्का दिला. त्यांचं म्हणणं असं, की आपण रूपकांतूनच विचार करतो. अमूर्त गोष्ट शरीराच्या ओळखीच्या अनुभवावर बेतून समजून घेतो. भावना म्हणजे शरीराच्या पात्रात भरलेला द्रव, हे त्यातलं एक मोठं रूपक. हंगेरीच्या झोल्टान कोव्हेचेश यांनी अनेक भाषांतून ते तपासलं. मराठीपुरतं पाहायला दूर जावं लागत नाही. ऊर भरून येतो, गळा दाटतो, हुंदका आवरत नाही, दुःख पोटात ठेवतो, मन मोकळं करतो आणि शेवटी बांध फुटतो. हे बोलताना कुणालाही आपण काव्य करतो आहोत असं वाटत नाही.

आपल्या काव्यशास्त्राला यातलं अर्धं ठाऊक होतं. मम्मटाने अकराव्या शतकात लक्षणेचे, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घेण्याचे, रूढीवरून होणारी आणि प्रयोजनासाठी केलेली असे दोन प्रकार मानले. पण रस घ्यायचा तो प्रयोजनात. रूढी म्हणजे जुनी झालेली, चमत्कार हरवलेली. नव्या अभ्यासाने उलट केलं. रूढीतच रूपकाचं मूळ आहे, कवी तिथूनच पाणी घेतो, असं हा अभ्यास म्हणतो. १९८९ साली लेकॉफ आणि मार्क टर्नर यांनी कवी रोजच्या रूपकाचं काय काय करतो ते सांगितलं: तो त्याचा विस्तार करतो, त्यात नवा तपशील भरतो, त्याच्यावर शंका घेतो, दोन-तीन रूपकं एकत्र गुंफतो.

भवभूतीने केला तो विस्तार. शोकाने भरलेलं हृदय ही सगळ्यांची कल्पना. रोजच्या बोलण्यात तिचे दोनच शेवट असतात, बांध टिकला किंवा बांध फुटला. टिकला तर माणूस खंबीर, फुटला तर हरला. तलावाचा जो भाग या बोलण्यात कधी येत नाही तोच भवभूतीने पुढे आणला. सांडवा आला की रडण्याची जागाच बदलते. रडणं म्हणजे पाळ जाणं नव्हे, पाळ राहावी म्हणून केलेली तजवीज. मन मोकळं होण्याच्या कल्पनेहूनही हे वेगळं आहे, कारण मोकळं झालेलं पात्र रितं असतं. रामाचं दुःख विलापाने संपत नाही. ते पेलवेल इतकं राहतं. तमसेने हृदय सावरलं जाण्याची गोष्ट केली आहे, हलकं होण्याची नव्हे.

शिवाय तिने अश्रू म्हटलेलं नाही, प्रलाप म्हटलं आहे. सुटे, असंबद्ध, पण शब्द. मयताच्या घरी आपल्या बायका नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाला हाक मारत, त्याची एकेक आठवण सांगत, त्याच्याशी भांडत रडतात. जी सून किंवा आई दगडासारखी बसून राहते तिचीच जाणत्या बायकांना धास्ती वाटते. “रडू द्या तिला” असं म्हणत त्या तिला बोलतं करायला बघतात. तमसा सीतेला याहून वेगळं काय सांगते?

कोव्हेचेश यांनी पुढे, २००५ च्या पुस्तकात, रूपकांत सार्वत्रिक किती आणि त्या त्या संस्कृतीचं किती याचा विचार केला. भवभूतीचा श्लोक त्याला उत्तम उदाहरण आहे असं मला वाटतं. दाटलेली छाती आणि भरलेले डोळे सगळ्या जगाचे. पण भरलेल्या पाण्याला सांडवा हवा हे सुचायला तलाव राखणारा मुलूख लागतो. अंगणातल्या रांजणाला सांडवा नसतो.

हा श्लोक सुटा वाचला की त्याचं निम्मं बळ जातं. अंकाच्या सुरुवातीला मुरला नावाची दुसरी नदी रामाच्या शोकासाठी पुटपाकाची उपमा योजते. औषध पात्रात घालून, तोंड मातीने लिंपून, गोवऱ्यांच्या आचेत भाजतात. बाहेरून काही दिसत नाही, आत सगळं शिजत असतं. पूर्ण बंद पात्र. अंकाच्या मध्यावर ते पात्र तलाव होतं आणि त्याला वाट मिळते. अखेरीस तमसाच म्हणते की रस एकच, करुण, तो निमित्तानुसार वेगळा दिसतो. भोवरा, बुडबुडा, लाट ही जशी एकाच पाण्याची रूपं. इथे पात्र नाही, पाळही नाही. एका अंकात एकाच रूपकाचं लिंपलेलं तोंड उघडत गेलं आहे. आणि पुढच्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात जनक आणि कौसल्या समोरासमोर येतात, तेव्हा तोच शोक वेगळ्या वयाच्या, वेगळ्या नात्याच्या माणसांच्या तोंडून बोलू लागतो.