बीड शहराची विकास योजना
बीड : महाराष्ट्र राज्यातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या १,४६,७०९ (२०११). हे बिंदुसरा नदीकाठी वसले आहे. शहराजवळील खजाना विहीर निजामशाही काळातील जलनियोजनाची साक्ष देते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगरपरिषदेने जमीनवापराचे सर्वेक्षण करून, हरकती व सूचना मागवून विकास योजना शासनाच्या मंजुरीस पाठवावयाची आणि वीस वर्षांतून एकदा तीत सुधारणा करावयाची असते. रस्ते, शाळा, बाजार यांसाठी राखलेली जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालकास नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेण्याचा मार्ग मोकळा होतो. त्यामुळे निधीअभावी योजना कागदावरच राहण्याचा संभव असतो. १९८९ मधील बिंदुसरेच्या महापुराने नदीपात्रालगतच्या वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आणला. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. साहजिकच स्थानिक रोजगार हाही सुधारित योजनेचा गाभा ठरतो. अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्ग २०२५ मध्ये बीडपर्यंत सुरू झाला. स्थानकालगतच्या जमिनीवर गोदामे, बाजार व उद्योग यांना वेळीच जागा राखली, तरच या दळणवळणाचा लाभ शहरास मिळू शकेल.