फायर अलार्म तंत्रज्ञाच्या पिशवीची कुळकथा

फायर अलार्मच्या देखभालीला येणाऱ्या तंत्रज्ञाच्या पिशवीत मल्टिमीटर, मेगर, रेझिस्टरची पुडी, स्क्रू ड्रायव्हर आणि धुराच्या स्प्रेचा डबा असतो. खांद्यावर उंच छतापर्यंत पोचणारी काठी असते. अग्निशमन दलाच्या बंबाशी किंवा शिडीशी यांतल्या कशाचेच नाते लागत नाही. या पिशवीचे कूळ तारयंत्राचे आहे. ते ओळखले की फायर अलार्मकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची हेही उमगते. आग लागली की वाजणे हे त्याचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम म्हणजे वर्षानुवर्षे गप्प असताना आपण धड आहोत याचा पुरावा देत राहणे.

या कुळाची सुरुवात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सापडते. वैद्यकीचे शिक्षण घेतलेला विल्यम चॅनिंग आणि तंत्रज्ञ मोझेस फार्मर यांनी उभारलेली विजेची आग-सूचना यंत्रणा तिथे २८ एप्रिल १८५२ रोजी सुरू झाली. रस्त्यावरच्या पेटीतली मूठ फिरवली की त्या पेटीचा क्रमांक तारेने मध्यवर्ती केंद्रात पोचत असे. अमेरिकेतल्या तारयंत्रांत एक रीत रुळली होती: संदेश नसतानाही तारेतून प्रवाह वाहता ठेवायचा, म्हणजे तार तुटली तर लगेच कळते. आजच्या साध्या झोन-पॅनलचा, म्हणजे डिटेक्टरांची एकेक ओळ सांभाळणाऱ्या नियंत्रण-पेटीचा, प्राण हीच रीत आहे. पॅनलमधून निघालेली दोन तारांची जोडी एकेका डिटेक्टरला शिवत जाते आणि शेवटच्या डिटेक्टरपाशी एक इवलासा रेझिस्टर बसवलेला असतो. बऱ्याच पॅनलना ४.७ किलोओहमचा लागतो. त्यावर पिवळा, जांभळा आणि लाल असे पट्टे असतात. २४ व्होल्टला त्यातून सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह अखंड वाहतो. प्रवाह थांबला तर तार तुटली, ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला तर डिटेक्टरने इशारा दिला, असा अर्थ पॅनल लावते. म्हणूनच हा रेझिस्टर ओळीच्या टोकालाच हवा. सोयीसाठी तो पॅनलमध्येच जोडून टाकला, तर पुढची सगळी तार उंदराने कुरतडली तरी पॅनलवर हिरवा दिवा जळत राहील.

पिशवीतला मल्टिमीटरही याच घरातला. ब्रिटिश टपालखात्यातला अभियंता डोनाल्ड मॅकडी याला तारांच्या दुरुस्तीसाठी अनेक वेगवेगळे मीटर वाहून न्यावे लागत. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारे यंत्र त्याने बनवले आणि १९२३ मध्ये ते ॲव्होमीटर या नावाने बाजारात आले. मेगर मात्र विजेच्या दिव्यांच्या वायरिंगसाठी जन्मला, मग तो या कुळात कसा, असे कोणी विचारील. सिडनी एव्हरशेडने १८८९ मध्ये हाताळायला सोपा इन्सुलेशन-मापक केला तो वायरिंगसाठीच, हे खरे. पण तारेवरचे आवरण मोजायलाच हवे हा धडा त्याआधीच समुद्रतळाच्या केबलींनी दिला होता. १८५८ ची पहिली अटलांटिक केबल आवरण निकामी होऊन काही आठवड्यांतच मुकी झाली. आजही ५०० व्होल्टचा मेगर लावण्याआधी तंत्रज्ञाला सगळे डिटेक्टर आणि पॅनल सोडवावे लागतात, नाहीतर त्यांतली इलेक्ट्रॉनिक्स जळते.

मोठा आक्षेप धुराच्या डिटेक्टरचा आहे: तारयंत्राला धुराचे काय कळणार? पण याही शोधाचे धागे मीटरपाशीच जातात. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमधला भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर येगर विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होता. वायूने मीटरचा काटा हलला नाही, सिगारेटच्या धुराने मात्र हलला, असे सांगितले जाते. त्याचाच सहकारी एर्न्स्ट माइली याने पुढे त्यातून वापरण्याजोगा आयनीकरण डिटेक्टर घडवला. म्हणजे धूर ओळखणे म्हणजे प्रवाहातला बदल ओळखणे, हे सूत्र इथेही कायम राहिले. स्प्रेच्या डब्याने त्यात एकच, पण मोलाची भर घातली: तारांपलीकडे जाऊन, धूर डिटेक्टरच्या आत शिरतो का, हे तो तपासतो.

नव्या ॲड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणाऱ्या, पॅनलचे समर्थक म्हणतील, आता यंत्रणा स्वतःच स्वतःला तपासते. ही पिशवी लवकरच अडगळीत जाईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तुटलेली तार, साचलेली धूळ, उतरलेली बॅटरी हे सगळे असे पॅनल बिनचूक सांगते. पण रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर चढवलेली प्लास्टिकची टोपी तशीच राहिली, तर आतली हवा स्वच्छ, प्रवाह ठीक आणि पॅनलचा अहवाल निर्दोष. खोलीत धूर कोंडला तरी तो आत शिरणार नाही. ही चूक काठीच्या टोकाला डबा लावून खाली उभ्या असलेल्या माणसालाच सापडते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तो कागद हातात घेताना सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: किती डिटेक्टरना प्रत्यक्ष धूर दिला, आणि शेवटचा रेझिस्टर कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.