पानातलं पाणी भागिले काय?

कोरफडीच्या पानात पाणी असतं हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. पण ‘किती?’ विचारलं की गाडी अडते. भागायचं कशाने, यावर शंभर वर्षं वाद आहे.

सोपी वाट टक्केवारीची. पालकात साधारण ९१ टक्के पाणी, कोरफडीच्या गरात ९८ च्या आसपास. फरक जेमतेम सातचा! मग पालकालाही सक्युलंट म्हणायचं का?

१९१२ मध्ये मॅरियन डेल्फ यांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ बॉटनी’मध्ये सक्युलंटच्या बाष्पोत्सर्जनावर पेपर लिहिला. (पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात याच बाई स्कर्व्हीवरच्या संशोधनात होत्या.) त्यांनी पूर्ण भरलेल्या पानातलं पाणी पानाच्या क्षेत्रफळाने भागलं. पाणी उडून जातं ते पृष्ठभागातून, तेव्हा तेवढ्या पृष्ठभागामागे साठा किती, हे बघणं त्यांच्या प्रश्नाला धरूनच होतं. पण हेच सूत्र ऊतीचे गुण मोजायला वापरलं की फसतं. पेशी तशाच राहून पान नुसतं दुप्पट जाड झालं, तरी आकडा दुप्पट.

१९७८ मध्ये क्लूगे आणि टिंग यांचा प्रश्नच वेगळा होता. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात हिरव्या पेशींच्या रिक्तिकेत साठवतात. म्हणून त्यांनी पाण्याच्या ग्रॅमला हरितद्रव्याच्या मिलिग्रॅमने भागलं. पानफुटीला हे चपखल बसतं, तिथे पाणी आणि हरितद्रव्य एकाच पेशीत. कोरफडीचा गर मात्र हिरवा नसतोच. अख्खं पान घेतलं तर आकडा उगाच फुगतो.

२०१२ मध्ये ओगबर्न आणि एडवर्ड्स यांनी घोळ, चिनी गुलाब, निवडुंग ज्या गटात येतात त्या गटावर काम करताना संपृक्त पानातलं पाणी कोरड्या वजनाने भागलं. तराजू आणि ओव्हन, बास! मला हे माप सर्वात पटतं. वरच्याच टक्क्यांचा हिशेब करून बघा: पालकात एक ग्रॅम कोरड्या वजनामागे सुमारे १० ग्रॅम पाणी, गरात ४९. सातचा फरक जवळजवळ पाचपट झाला.

एक कोडं तरीही उरतं. फॉन विलर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपासच सक्युलंटच्या व्याख्येत ‘वापरता येणारं पाणी’ आणलं होतं, म्हणजे मुळांना मातीतून पाणी मिळेनासं झाल्यावर झाड जे खर्च करू शकतं ते. ते एका वजनात कळत नाही. त्यासाठी पाणी घालणं थांबवायचं आणि दिवसेंदिवस तेच पान सुकताना बघत बसायचं.