तयार कपड्यांची मापे
विशिष्ट व्यक्तीचे माप न घेता, अनेकांच्या अंगास बसावेत अशा बेताने शिवलेल्या कपड्यांवर जे क्रमांक घालतात, त्यांनी दर्शविलेल्या परिमाणांस तयार कपड्यांची मापे म्हणतात. हे क्रमांक स्थिर असतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पिढ्यांगणिक शरीरे बदलत गेली, तसे क्रमांकांचे अर्थही बदलले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्त्रियांच्या कपड्यांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

साडी, धोतर यांसारखी न शिवलेली वस्त्रे निऱ्या कमीजास्त करून अंगाशी जुळविता येतात. शिवलेले कपडे शिंपी गिऱ्हाइकाचे माप घेऊन बेतीत असे. कारखान्यांत कपडे तयार होऊ लागल्यावर मात्र ठराविक मापांची गरज भासू लागली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांच्या गणवेशांमुळे पुरुषांच्या मापांच्या मानकीकरणास चालना मिळाली. छातीच्या घेरावरून इतर मापे ठरविण्याची पुरुषांची पद्धत पुढे स्त्रियांनाही लावण्यात आली. परंतु छाती, कंबर व नितंब यांचे परस्परप्रमाण स्त्रियांत फार भिन्न असल्याने ती अपुरी ठरली.

यावर उपाय म्हणून कृषी खात्याच्या गृह-अर्थशास्त्र विभागाने १९३९–४० मध्ये सु. १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनी सिद्ध केलेला अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि निष्कर्षांसाठी केवळ गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरण्यात आली. त्यामुळे ‘सर्वसाधारण स्त्री’ म्हणून रूढ झालेली आकृती समाजाच्या एका भागापुरतीच खरी होती. टपालाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून १९५८ मध्ये या सामग्रीच्या आधारे शासकीय मानक तयार झाले. ते पुढे सुधारण्यात आले आणि १९८३ मध्ये मागे घेण्यात आले.

दरम्यान शरीरे पालटत होती. २० ते ७४ वर्षे वयाच्या अमेरिकन स्त्रियांचे सरासरी वजन १९६०–६२ मध्ये सु. १४० पौंड होते. १९९९–२००२ मध्ये ते सु. १६४ पौंड झाले. उंची मात्र सु. एक इंचच वाढली. या काळात क्रमांक वाढण्याऐवजी घटत गेले. कारण लहान क्रमांक गिऱ्हाइकास सुखावतो, हे जाणून उत्पादक मोठ्या कपड्यावर लहान क्रमांक घालू लागले. १९५८ च्या मानकात ८ या क्रमांकासाठी छातीचा घेर ३१ इंच होता. २०११ च्या एका ऐच्छिक मानकातील ‘००’ या क्रमांकाचा घेरही त्याहून किंचित जास्त आहे. म्हणून दोन पिढ्यांतील कपड्यांच्या क्रमांकांवरून त्यांच्या शरीरांची तुलना करणे भ्रामक ठरते. यूरोपीय मानकाने (ईएन १३४०२) या क्रमांकांऐवजी शरीराचे प्रत्यक्ष माप सेंटिमीटरमध्ये देण्याची पद्धत पुरस्कारिली आहे.

भारतीय बाजारपेठेतील तयार कपडे दीर्घकाळ मुख्यतः अमेरिकन व ब्रिटिश तक्त्यांवर बेतलेले होते. स्वतंत्र भारतीय तक्त्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय यंत्राने घेण्याची योजना आखली. अशा पाहणीचे मोल कोणाची मापे घेतली यावर अवलंबून असते. आणि शरीरे बदलत राहत असल्याने ती ठराविक काळाने पुन्हा करणे अगत्याचे ठरते.